आशियाई महिला करंडक : हाँगकाँग ते नेरूळ

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेची तारीख, पहिली कार्यकारिणी, माजी अध्यक्षांची छायाचित्रे आणि देणगीदारांची यादी असा क्रम ठरलेला असतो. संपादक मंडळाने या खेपेला त्या क्रमाला बगल देऊन एका स्पर्धेचा इतिहास लिहायला सांगितले. स्पर्धा हीसुद्धा संस्थाच असते. तिला घटना असते, पदाधिकारी असतात, रुसवेफुगवे असतात आणि तिजोरीत खडखडाट असलेली वर्षेही असतात. आशियातील महिला राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल स्पर्धेला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. तिची विसावी खेप २०२२ मध्ये महाराष्ट्रात भरली होती. मुंबईत, नवी मुंबईत आणि आपल्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आतल्या पुण्यात. छत्रपती संभाजीनगरच्या फुटबॉलवेड्यांनाही आज ती फारशी आठवत नाही, म्हणून हा लेख.

आधी पुरुषांच्या स्पर्धेबद्दल थोडे, कारण मराठवाड्याचा धागा तिथे सापडतो. आशियाई फुटबॉल महासंघ १९५४ मध्ये मनिलात स्थापन झाला आणि सप्टेंबर १९५६ मध्ये हाँगकाँगला पहिला आशियाई करंडक खेळला गेला. अंतिम फेरीत संघ चारच होते आणि दक्षिण कोरिया जिंकला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तोवर आपली राजधानी हैदराबाद होती आणि त्या काळचे हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलची शाळाच. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक नेला. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला. जून १९६३ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी इस्राएलमध्ये झालेल्या आशियाई करंडकात भारत उपविजेता ठरला. कर्णधार चुनी गोस्वामी होते आणि इंदर सिंग यांनी दोन गोल केले. दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवले, फक्त इस्राएलकडून हार झाली. मात्र पात्रता फेरीतील आपल्या गटातले बाकीचे संघ माघार घेऊन बसले होते आणि अंतिम फेरीत चारच संघ होते, हेही त्या उपविजेतेपदाबरोबर सांगायला हवे. त्यानंतर १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ एवढ्याच वेळा भारत तिथे पोहोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असे हरलो आणि २०२७ चे दारही बंद झाले.

पुरुषांची गोष्ट इथे थांबवतो. महिलांची गोष्ट अधिक अवघड आहे आणि मला विचाराल तर अधिक सांगण्यासारखीही.

महिलांच्या फुटबॉलला ज्यांनी आधार द्यायचा, त्याच संघटनांनी तो बराच काळ नाकारला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली आणि ती जवळपास अर्धे शतक टिकवली. आशियात बंदी नव्हती, पण विचारपूसही नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस हाँगकाँग, तैवान, सिंगापूर आणि मलेशियातील मंडळींनी एकत्र येऊन आशियाई महिला फुटबॉल महासंघ उभा केला. हाँगकाँगच्या व्हेरोनिका च्यू या त्याच्या आघाडीच्या चालक होत्या. अधिकृत महासंघाचा या संस्थेशी संबंध नव्हता. प्रवासखर्च, निवास, पंच, करंडक, सगळे तिचे तिनेच उभे करायचे होते. अशा स्थितीत १९७५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाँगकाँगला पहिली स्पर्धा झाली. सहा संघ आले आणि जिंकले ते न्यूझीलंड! आशियाच्या स्पर्धेची पहिली विजेती आशियाबाहेरची निघाली. ज्यांना कुणी खेळायला बोलावत नव्हते अशा सगळ्याच जणींना या स्पर्धेने आत घेतले होते. खंडाच्या सीमा तेव्हा काटेकोरपणे पाळायची चैन कुणाला परवडणार होती?

पुढची काही वर्षे तैवानची. यामागे राजकारण होते. १९७४ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने चीनला घेतले आणि तैवानला बाहेर काढले. पुरुषांचा दरवाजा असा बंद झाला, पण महिलांचा महासंघ वेगळा असल्याने तैवानच्या मुलींना तिथे जागा राहिली. ‘मुलान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संघाने लागोपाठ तीन वेळा करंडक जिंकला.

त्या तिन्हींमधली मधली स्पर्धा भारतात, केरळमधील कोझिकोडला झाली. १९८० चा जानेवारी. यजमान भारताने एक नव्हे तर दोन संघ उतरवले, एक दक्षिणेच्या आणि एक उत्तरेच्या नावाने. ऑस्ट्रेलियाहून राष्ट्रीय संघाऐवजी पश्चिम ऑस्ट्रेलिया प्रांताचा संघ आला. आजच्या नियमपुस्तकात हे बसणार नाही, पण स्पर्धा जगवायची तर संघांची संख्या भरून काढावी लागे. भारताचा एक संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तैवानकडून २-० असा हरला. पुढच्या वर्षी हाँगकाँगला आपण तिसरे आलो आणि १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेते झालो. पाच वर्षांच्या आत तीन स्पर्धा आणि तिन्ही वेळा पहिल्या तिघांत. त्या काळच्या संघाची मुख्य नावे म्हणजे बंगालच्या शांती मल्लिक, कुंतला घोष दस्तीदार आणि आपल्या शेजारच्या गोव्याची योलांडा डिसोझा. १९८३ मध्ये शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

भारतातही तेव्हा महिलांच्या फुटबॉलचा कारभार १९७५ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र महिला फुटबॉल महासंघ पाहत होता. म्हणजे खंडातही आणि देशातही बायकांचा फुटबॉल स्वतंत्र चुलीवर शिजत होता. मग दोन्हीकडे विलीनीकरण झाले. १९८६ मध्ये आशियाई महिला महासंघ मूळ महासंघात सामावला गेला आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी भारतातील महिला महासंघही अखिल भारतीय फुटबॉल महासंघात आला. खंडाच्या पातळीवर याचा फायदा झाला. मान्यता, पंच, कार्यक्रमपत्रिका आणि पुढे विश्वचषकाची पात्रता या स्पर्धेला मिळाली. भारतात मात्र महिलांची संघटना मोठ्या घरात आली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. माझे मत कुणाला कडक वाटेल, पण पुढचे आकडे पाहा.

१९८६ मध्ये चीन पहिल्यांदा या स्पर्धेत उतरला आणि जिंकला. मग १९९९ पर्यंत जिंकतच राहिला, सलग सात वेळा. १९९१ मध्ये चीनमध्येच महिलांचा पहिला विश्वचषक झाला आणि त्याच्या पात्रतेसाठी आशियाई करंडक हाच रस्ता ठरला. जपानने १९८९ मध्ये महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू केली होती. भारताची राष्ट्रीय महिला लीग सुरू व्हायला २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला. मधल्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत आपल्या राष्ट्रीय संघाचे काय झाले? १९९८ च्या बँकॉक आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने आपल्यावर सोळा गोल केले. २००३ च्या आशियाई करंडकात त्याच चीनने बारा. त्यानंतर २०२२ पर्यंत भारत या स्पर्धेच्या मुख्य फेरीत दिसला नाही. २००९ मध्ये तर सामनेच न खेळल्यामुळे आपला महिला संघ ‘फिफा’च्या क्रमवारीतून काढला गेला. हरून खाली जाणे वेगळे आणि खेळतच नाही म्हणून नाव कापले जाणे वेगळे.

साखळी काय करते याचा पुरावा जपानमध्ये आहे. जपान या करंडकाच्या अंतिम सामन्यात पुन्हापुन्हा हरत राहिला. २०११ मध्ये जपानी महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांच्या कपाटात आशियाई करंडक एकदाही आलेला नव्हता. तो २०१४ मध्ये व्हिएतनामला आला आणि २०१८ मध्ये जॉर्डनला पुन्हा. पंचवीस वर्षे घरातली साखळी चालू ठेवल्याचे हे फळ होते. त्याआधी उत्तर कोरियाने तीन वेळा आणि ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये एकदा करंडक नेला होता. २०१० च्या त्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचा गोल करणारी सॅम कर तेव्हा सोळा वर्षांची होती. आपल्याकडे त्या वयाची मुलगी दहावीचे क्लास लावून मैदान सोडते.

आता आपल्या राज्याची पाळी. जून २०२० मध्ये भारताला २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद मिळाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष तेव्हा आपल्या विदर्भातील प्रफुल्ल पटेल होते. आधी नवी मुंबईबरोबर अहमदाबाद आणि भुवनेश्वर अशी आखणी होती. करोनाने ती मोडली. संघांचा विमानप्रवास टाळायचा म्हणून सगळी स्पर्धा महाराष्ट्रात आणली गेली. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलातील मैदान आणि पुण्याचे बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल अशी तीन ठिकाणे ठरली. संघ पहिल्यांदाच आठऐवजी बारा होते.

२० जानेवारी २०२२. नेरूळला भारत विरुद्ध इराण. ओमायक्रॉनची लाट ऐन भरात असल्याने प्रेक्षकांना दारे बंद होती, त्यामुळे यजमान संघाला टाळ्यांचाही आधार नव्हता. भारताने बराच काळ चेंडू ताब्यात ठेवला, संधी निर्माण केल्या आणि त्या वाया घालवल्या. इराणची गोलरक्षक झोहरे कुदाई अभेद्य राहिली आणि सामना ०-० असा सुटला. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आला होता. आपल्या शहरातील वाचकांनी इथे जरा थांबावे. त्या खेळाडू डोके झाकून खेळत होत्या. २०११ मध्ये याच कारणावरून इराणच्या मुलींना जॉर्डनमध्ये ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला गेला नव्हता. त्या मैदानावरच रडल्या होत्या. २०१४ मध्ये ‘फिफा’ने डोके झाकून खेळायला रीतसर परवानगी दिली आणि आठ वर्षांनी त्या नेरूळला यजमानांना रोखून बसल्या. मुलीने मैदानावर उतरायचे तर पोशाखाचे काय, ही चर्चा आपल्या शहरातल्या कित्येक घरांत होते. फुटबॉलच्या नियमपुस्तकात तिचे उत्तर कधीच येऊन बसले आहे.

दुसरा सामना २३ जानेवारीला तैवानशी होता. तो झालाच नाही. भारतीय पथकात करोनाबाधितांची संख्या इतकी वाढली की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. स्पर्धेच्या विशेष नियमांनुसार भारताने माघार घेतल्याचे मानले गेले आणि इराणबरोबरचा बरोबरीचा सामनाही रद्दबातल ठरला. म्हणजे अधिकृत नोंदीपुरता यजमान संघ या स्पर्धेत खेळलाच नाही. कर्णधार आशालता देवी, प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनर्बी. उपान्त्यपूर्व फेरी गाठली असती तर विश्वचषकाच्या पात्रतेची आशा शिल्लक राहिली असती. विषाणूवर राग काढून उपयोग नाही. पण ज्या संघाला वर्षभर पुरेसे सामने मिळत नाहीत त्याची एक स्पर्धा वाया गेली की सगळेच वाया जाते, हे तेव्हा स्वच्छ दिसले. त्या संघाचा कणा मणिपूर, तमिळनाडू, हरियाणा, ओडिशा, झारखंडच्या मुलींचा होता. महाराष्ट्राची होती ती मैदाने.

बाकीची स्पर्धा मात्र थाटात झाली. अंधेरीत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असे हरवले. सॅम करने त्यात पाच गोल केले आणि टिम केहिलचा ५० गोलांचा ऑस्ट्रेलियन विक्रम मागे टाकला. असे निकाल पाहून बारा संघ घेण्याची घाई झाली का, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण त्याच विस्तारित स्पर्धेत फिलिपिन्सने आधी थायलंडला चकवले, मग पुण्यात तैवानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून विश्वचषकाची पात्रता पहिल्यांदाच मिळवली. बालेवाडीवरच दक्षिण कोरियाच्या जी सो-युनने ८७ व्या मिनिटाला मारलेल्या फटक्याने ऑस्ट्रेलियाला घरी पाठवले. उपान्त्य फेरीचे दोन्ही सामनेही पुण्यात झाले. गतविजेता जपान जादा वेळेत २-१ असा पुढे होता, पण अगदी शेवटच्या क्षणी, ११९ व्या मिनिटाला, वांग शानशानने चीनला बरोबरी साधून दिली आणि शूटआउटमध्ये जपान बाद झाला.

अंतिम सामना ६ फेब्रुवारीला नेरूळला. पूर्वार्धात दक्षिण कोरिया २-० असा पुढे. उत्तरार्धात चीनची तांग च्याली पेनल्टीवर गोल करते, चार मिनिटांनी चांग लिन्यान बरोबरी साधते आणि भरपाईच्या वेळेत श्याव युयी तिसरा गोल करते. ३-२. सोळा वर्षांनी चीनकडे करंडक परत आला, एकूण नवव्यांदा. खेळाडू म्हणून हा करंडक पूर्वी उंचावलेल्या श्वे छिंगश्या आता प्रशिक्षक म्हणून तिथे होत्या आणि हे पद त्यांनी दोन-तीन महिन्यांपूर्वीच स्वीकारले होते. त्या दिवशी सकाळी मुंबईत लता मंगेशकर गेल्या होत्या. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर होता, पण तो नेरूळकडे पाहत नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागा मिळणे शक्यही नव्हते. मराठी प्रदेशात झालेली ही स्पर्धा मराठी वाचकाच्या स्मरणातून निसटली त्याचे हे एक साधे कारण.

त्याच नेरूळच्या मैदानावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेन जिंकला. तिथेच २ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला. मैदान एकच, हवा एकच. क्रिकेटमध्ये मुलींना वयोगटाच्या स्पर्धा, मानधन आणि लीग मिळाली त्याला फार वर्षे झालेली नाहीत, तरी निकाल समोर आहे. फुटबॉलमध्येही हालचाल आहे. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये, चिआंग माईला, भारतीय महिलांनी यजमानांना २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई करंडकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून मिळवलेली ही पहिलीच जागा. यापूर्वी एकतर थेट प्रवेश होता किंवा यजमानपण.

या सगळ्याशी आपल्या शहराचा संबंध काय, असे कुणी विचारेल. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारच्या ‘मिशन वन मिलियन’ उपक्रमात महाराष्ट्रभरच्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळला गेला. मुलींच्या पायाशीही त्या दिवशी चेंडू आला. दुसऱ्या दिवसापासून काय, याचे उत्तर शाळांकडे नव्हते. शालेय फुटबॉलमध्ये सुब्रतो मुखर्जी करंडकासाठी मुलींचा गट आहे, तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या आहेत, आणि त्या चांगल्याच आहेत. पण ही बाद पद्धत. पहिल्याच सामन्यात हरलेल्या शाळेचा वर्षाचा फुटबॉल तासाभरात आटोपतो. बस भाड्याने करून कन्नड किंवा वैजापूरहून आलेल्या मुली दुपारच्या जेवणाआधी परत निघतात. हरलेल्या संघाला पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायला मिळते ते फक्त साखळीत, आणि शिकणे होते ते त्या पुढच्या आठवड्यातच.

आपल्याकडे मैदानांची ओरड इतर शहरांइतकी करता येणार नाही. आमखास आहे, गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, महाविद्यालयांची मैदाने आहेत. कमी आहे ती वेळापत्रकाची. १९७५ मध्ये हाँगकाँगच्या बायकांकडे मान्यता नव्हती, पैसा नव्हता आणि संघही जेमतेम सहा होते. त्यांनी तारीख ठरवली आणि स्पर्धा भरवली.

म्हणून ही स्मरणिका हाती पडलेल्या मुख्याध्यापकांना, क्रीडाशिक्षकांना, जुन्या खेळाडूंना आणि जाहिरात देऊन अंकाला हातभार लावणाऱ्या उद्योजकांनाही विनंती आहे. येत्या हंगामात जिल्ह्यातील मुलींच्या किमान सहा संघांची साखळी सुरू करू या. सोळा वर्षांखालील गट, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी सामने, मराठी, उर्दू, इंग्रजी सर्व माध्यमांच्या शाळांना प्रवेश आणि तालुक्याहून येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च आयोजकांकडे. बक्षिसाची रक्कम कमी ठेवली तरी चालेल, पंचांचे मानधन आणि प्रथमोपचाराची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. ज्या शाळेला संघ उतरवायचा आहे तिने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपल्या क्रीडाशिक्षकामार्फत संघटनेच्या कार्यालयात नाव द्यावे.